मेजरांची अंघोळ

सकाळी साडेसहाला मेजरांना सांभाळणाऱ्या मावशी येतात तेव्हा मेजर जागेच असतात. पलंगाच्या डाव्या अंगाला, हात पोचेल अशा स्टुलावर, स्टीलचा मग, दाढीचं क्रीम आणि तळहाताएवढा आरसा मांडून ठेवलेला असतो. उजवी बाजू चार वर्षांपूर्वी लकव्याने गेली, पण दाढी रोजच्या रोज. डाव्या हाताने गालावर फेस ते स्वतःच चढवतात. मग रेझर मावशींच्या हातात देतात आणि मिशीजवळ आलं की परत मागून घेतात. मिशीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

जुळे सोलापुरातलं हे दोन खोल्यांचं घर. मी गेलो त्या दिवशी नळाची पाळी नव्हती. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं हे सोलापूरकराला सांगायला नको. पण ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, तिथला पाण्याचा हिशेब निराळा असतो. मेजरांच्या बायकोने, म्हणजे आजींनी, तो मला बोटांवर मोजून सांगितला. एक बादली अंग पुसायला, दोन बादल्या चादरी नि लुंग्या धुवायला, आणि रात्री पुन्हा काही झालं तर म्हणून एक झाकून ठेवलेली. पाणी लांबलं की आधी घरातल्या बाकीच्यांच्या अंघोळी बंद होतात, मेजरांची होत नाही.

अंघोळ म्हणजे कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल. चेहरा, मान, काख, छाती, मग पाय, आणि शेवटी बाकीचं. प्रत्येक वेळी अंगाचा तेवढाच भाग उघडा ठेवायचा, बाकी चादरीखाली. शेवटच्या भागाला आल्या की मावशी काही न बोलता आजींकडे पाहतात. आजी पुढे होतात, मेजर डोळे मिटून घेतात. दोन मिनिटं घरात कुणीच बोलत नाही. नंतर मावशींचा आवाज येतो, "हां मेजर, आता कूस. एक, दो..." आणि "तीन" मेजर स्वतः म्हणतात.

मेजर म्हणजे कोण

आपल्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, हे बाहेरच्याला कळत नाही. हा गृहस्थ तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला. गल्लीने त्याला बढती दिली, आणि ती कुणी काढून घेतलेली नाही. ६५ला नवा रंगरूट होता, ७१ला राजस्थानच्या बाजूला. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "वाळू लई होती." एवढंच. पेन्शनची फाइल कुठे आहे ते मात्र त्यांनी न विचारता सांगितलं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'आधार' असा विषय दिला होता. सीमेवरचा जवान हा देशाचा आधार, असं लिहायला एक दुपार पुरली असती. मला दुसरंच पाहायचं होतं. त्या जवानाचे गुडघे गेले, कंबर गेली, लघवीवरचा ताबा गेला, की त्याला रोज सकाळी कोण उठवतं? युद्धस्मारकं, पदकं, ध्वजदिन हे सगळं मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. पलंगाशेजारचं भांडं मात्र कुठल्या लेखात पाहिल्याचं आठवत नाही.

सोलापूरची एक अडचण आहे. सातारा-कोल्हापूरसारखा घराघरांतून फौजेत जाणारा जिल्हा अशी याची ओळख नाही. इथले माजी सैनिक अकरा तालुक्यांत विखुरलेले. सांगोल्याला कुणी, करमाळ्याला कुणी, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलणारा कुणी. लष्कराचं मोठं ठाणं शहरात नाही. मोठं रुग्णालय पाहिजे तर पुणे, म्हणजे अडीचशे किलोमीटर. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये व्हीलचेअर चढवून पाहिली की हे अडीचशे किलोमीटर किती असतात ते कळतं.

दवाखाना आहे, दोन हात कुठे आहेत

अन्याय होऊ नये म्हणून आधी जे आहे ते सांगतो. १ एप्रिल २००३पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू आहे. सोलापुरात तिचं पॉलिक्लिनिक आहे. कार्ड दाखवलं की तपासणी, औषधं, आणि गरज पडली तर यादीतल्या खासगी रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. बीपी, साखर, मोतीबिंदू, हृदयाची झडप अशा आजारांत या योजनेने हजारो कुटुंबांना कर्जातून वाचवलं आहे, आणि रांगेबद्दल कुरकुरणारे मेजर लोकही हे मान्य करतात. रांगेतला एक जण मला म्हणाला, "फौजेत बी लाइनच होती की. तिथं जेवणाची, इथं गोळ्यांची."

पण पॉलिक्लिनिकपर्यंत जो पोचतो त्याचं हे झालं. अंथरुणावरच्या माणसाच्या गोळ्या मुलगा किंवा सून कार्ड घेऊन येऊन नेते. गोळ्या घरी पोचतात, आणि तिथून पुढे घर एकटं असतं. ती योजना औषधोपचाराची आहे. दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं, डायपर बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं ही तिची बाब नाही. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, 'पाठीची काळजी घ्या'. घ्या म्हणजे कुणी घ्या, हे चिठ्ठीत नसतं.

एक गोष्ट सरकारला समजते, की वय वाढलं की खर्च वाढतो. म्हणून ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० टक्के, आणि शंभरीला दुप्पट. शंभरीच्या पेन्शनचा विषय निघाला की मेजर लोकांत हमखास हशा पिकतो. पण २० टक्के कशाचे? हवालदाराच्या मूळ पेन्शनचे. त्यात डायपर बसतात. माणूस बसत नाही.

शंभर टक्के

माणसासाठीही एक भत्ता आहे. कागदावर त्याचं नाव कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे सतत सोबतीला कुणी लागतं म्हणून मिळणारे पैसे. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये झाला, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की त्यात पाव भर पडते. मिळण्याची अट अशी, की अपंगत्व नोकरीमुळे आलेलं किंवा नोकरीने वाढलेलं असावं, ते १०० टक्के ठरलेलं असावं, आणि सतत मदतनीस लागतो असं वैद्यकीय मंडळाने म्हटलेलं असावं.

म्हणजे सुरुंगावर दोन्ही पाय गेलेल्याला तो मिळतो, आणि मिळायलाच हवा. पण आमचे मेजर? लकवा निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी आला. नोकरीशी त्याचा संबंध लागत नाही. त्यांची उजवी बाजू शंभर टक्के गेली, पण कागदाच्या हिशेबात ती शून्य टक्के गेली आहे.

ज्यांना मिळतो त्यांचंही गणित करून पाहा. पाव भर धरूनही दिवसाला २८१ रुपयांच्या आसपास. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. खड्डा खणणाऱ्याला जे द्यायचं तेही, अंथरुणावरच्या सैनिकाला दिवसभर सांभाळणाऱ्या माणसासाठी मिळत नाही.

आणि ज्यांना पेन्शनच नाही ते? पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत घरी आलेले कितीतरी आहेत. कुणाचा बाप वारला, कुणाची शेती पडली. त्यांतल्या ६५च्या पुढच्या, हवालदारापर्यंतच्या दर्जाच्या माणसाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून गरिबी अनुदान मिळू शकतं. ते महिना ४,००० होतं, २०२५च्या ऑक्टोबरात ८,००० करण्यात आलं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर अशा एका विधवेला भेटलो. नवऱ्याचं डिस्चार्ज बुक तिने देवाच्या फळीवर ठेवलं आहे, हळद-कुंकू लावून. त्यात तिचं नाव एक, आधार कार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. फौजेच्या भाषेत ज्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात, तिच्यात बायकोचं नाव कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं गेलं, आणि पन्नास वर्षांनी ती बाई त्या एका वेलांटीसाठी तहसीलच्या पायऱ्या चढते आहे. गुडघ्यांनी चढते असं म्हटलं तरी चालेल. सोबत येणारं कुणी नाही.

सोलापुरी चादरीचा आणखी एक उपयोग

मोहोळ तालुक्यातल्या त्याच वस्तीवर मला एक माजी सैनिक भेटला. नाव लिहू नका म्हणाला. आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होता, नाईक म्हणून परत आला. आता स्वतः साठीत आहे. मोटरसायकलच्या डिकीत हातमोजे, गॉज, सलाइनच्या बाटल्या नि एक टॉर्च घेऊन पंधरा-वीस गावांत फिरतो. पैसे? "पेट्रोल देत्यात. कुणी ज्वारी देतं." डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग करणं आणि घरच्यांना शिकवणं एवढंच आपलं काम, औषध आपण देत नाही, हे त्याने मला दोनदा बजावून सांगितलं.

त्याने जे दाखवलं ते इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. अंथरुणावरचा माणूस वर सरकवायचा असला की आपण काखेत हात घालून ओढतो. त्याने म्हाताऱ्याचा खांदा निखळतो, ओढणाऱ्याची कंबर धरते, आणि पाठीची कातडी गादीवर घासून सोलते. तीच पुढे जखम होते. त्याऐवजी जाड चादर दुहेरी करून माणसाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली कायमची घालून ठेवायची. दोघांनी दोन बाजूंनी काठ गुंडाळून अंगालगत धरायचा आणि एका ठेक्यात उचलून सरकवायचं. ओढायचं नाही, उचलायचं. "ह्याला सोलापुरीच पायजे. बाकीची फाटतीया," तो म्हणाला. चादर-टॉवेलांच्या या शहरात आपल्या मालाची अशी जाहिरात कुणी केलेली मी ऐकली नव्हती.

टाचेखाली उशी द्यायची नाही, पोटरीखाली द्यायची, म्हणजे टाच हवेत राहते. माकडहाडाजवळ लाली दिसली आणि बोटाने दाबल्यावर ती पांढरी पडली नाही, तर जखम सुरू झाली असं समजायचं. तिथे चोळायचं तर मुळीच नाही. हवेची गादी चांगली, पण ती विजेवर चालते. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीसवर असताना दुपारी वीज गेली, की गादी सपाट होते आणि माणूस घामात रबरावर पडून राहतो. तेव्हा पुन्हा दोन माणसं नि एक चादर.

"फौजेत एका वॉर्डाला पाच जण हुतो," तो म्हणाला. "घरात एकच असती. ती बी सून."

सून, आजी, मावशी

या लेखासाठी ज्या घरांत गेलो, त्यांतल्या एकाही घरात हे काम पुरुष करत नव्हता. अपवाद तो मोटरसायकलवाला. मुलं पुण्यात. सोलापूरची पोरं पुण्यात असतात हे आता हवामानासारखं झालंय, त्याबद्दल कुणी तक्रारसुद्धा करत नाही. शनिवारी रात्री येतात, रविवारी बापाला खुर्चीत बसवतात, फोटो काढतात, संध्याकाळच्या गाडीने जातात. पैसे नियमित पाठवतात, हेही खरं.

त्या पैशांतून मावशी येतात. सोलापुरात त्यांना ब्युरो पुरवतात. डे, नाइट किंवा चोवीस तास. ब्युरो आपला वाटा कापून घेतो. मावशींचा पगार छापू नका, असं मावशींनी आणि ब्युरोवाल्यांनी मला वेगवेगळं येऊन सांगितलं. दोघांची कारणं उलटी होती.

आमच्या मेजरांच्या मावशी तेलुगू घरातल्या, पूर्व भागातल्या. वयाच्या दहाव्या वर्षापासून विड्या वळल्या. तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू भरायची, हजारावर मजुरी. छातीत दम भरायला लागला तेव्हा डॉक्टरने तंबाखू सोडायला सांगितलं. खाण्याची नव्हे, वळण्याची. मग बारा दिवस एका नर्सच्या हाताखाली शिकून या कामाला लागल्या. मेजरांना त्या समोर मेजर म्हणतात, आपसांत 'तात' म्हणतात. तेलुगूत तात म्हणजे आजोबा. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे. आपण त्यात बसतो का, हे या मावशींना कुणी सांगितलेलं नाही.

मदत घेण्याची लाज हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग. ज्या माणसाने आयुष्यभर पहाटे पाचला स्वतःची पेटी, स्वतःचा बिछाना, स्वतःचे बूट लखलखीत ठेवले, त्याला दुसऱ्याने पुसणं सोसत नाही. फौजेत अधिकाऱ्यांना सहायक असतो. जवान कुणाचा तरी सहायक होऊ शकतो, त्याला स्वतःला सहायक नसतो. मेजरांनी पहिल्या आठवड्यात मावशींना तीनदा हाकललं. मग आजींनी युक्ती केली. कामाचा तक्ता लिहून भिंतीवर लावला. ०६३० दाढी, ०७०० अंघोळ, ०८०० नाश्ता, दर दोन तासांनी कूस. वेळा मेजरांनी ठरवल्या. त्या दिवसापासून मावशींना उशीर झाला तर ते ओरडतात, आणि वेळेवर आल्या तर अंग पुसू देतात.

पुण्याला जे आहे

पुण्यात जखमी सैनिकाची सोय जुनी आहे. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी १९१७ला मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली. कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४चं. पाठीचा कणा तुटलेले जवान तिथे राहतात, उपचार घेतात, खेळतात, चित्रं काढतात. मुरलीकांत पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातले. ६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक आणलं. २०१८ला पद्मश्री, २०२४ला त्यांच्यावर सिनेमा.

ऐन तारुण्यात जायबंदी झालेल्यासाठी आपण हे उभं केलं. पंच्याऐंशीव्या वर्षी घरातच थकलेल्यासाठी काय उभं करायचं, हे ठरवलेलंच नाही. आणि बहुतेक सैनिक गोळीने नव्हे, वयानेच खचतात.

बाहेर काय चालतं ते एका परिच्छेदात सांगतो, कारण तिकडची श्रीमंती इकडे आणता येत नाही. कॅनडात १९८१पासून माजी सैनिकाला घरीच राहता यावं म्हणून घरकाम, वैयक्तिक निगा आणि दारातला बर्फ काढायलासुद्धा मदत मिळते. ऑस्ट्रेलियात २००१पासून अशीच घरपोच सेवा आहे. अमेरिकेने २०१०च्या कायद्याने गंभीर जखमी सैनिकाला सांभाळणाऱ्या घरच्या माणसालाच दरमहा मानधन द्यायला सुरुवात केली. बर्फाचं सोडा. सांभाळणाऱ्या बाईचं काम हे काम आहे, एवढी तिसरी गोष्ट घेण्यासारखी आहे.

माझं मत सरळ आहे. सोबतीचा भत्ता टक्क्यांना न बांधता गरजेला बांधावा, आणि तो सांभाळणाऱ्याच्या खात्यात जावा. राज्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, बँकांना नि कारखान्यांना सुरक्षा रक्षक पुरवतं. त्याच यंत्रणेतून मेडिकल कोरमधून निवृत्त झालेल्यांना तालुक्या-तालुक्यांत नेमता येईल, सुना-मावशींना शिकवायला. माणसं आहेत. एक तर मोटरसायकलवर फिरतोच आहे, ज्वारी घेऊन.

हयातीचा दाखला

दिवाळी आणि हयातीचा दाखला मागेपुढे येतात. नोव्हेंबरात प्रत्येक पेन्शनराने आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की झालं. आता फौजेची पेन्शन स्पर्श प्रणालीतून येते आणि दाखला संगणकावर द्यायचा असतो, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने.

मेजरांचे ठसे मशीनला कळत नाहीत, बोटं गुळगुळीत झाली आहेत. मावशी हसल्या. त्यांचेही कळत नाहीत, विड्यांनी झिजलेत. रेशनच्या दुकानात त्यांना दर महिन्याला तीन-तीनदा अंगठा लावावा लागतो. 'आधार' या विषयावर लिहायला निघालो तेव्हा त्या कार्डाचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. आता एका खोलीत दोन माणसं होती, एक पडलेला, एक त्याला उचलणारी, आणि आधार दोघांनाही ओळखत नव्हता.

मग चेहऱ्याने करायचं ठरलं. शेजारचा कॉलेजचा मुलगा फोन घेऊन आला. मेजर म्हणाले, आधी दाढी. दाढी झाली, मिशी झाली, धुतलेला शर्ट चढला. फोन डोळे मिटून उघडायला सांगतो आणि मेजरांची उजवी पापणी नीट मिटत नाही. दोन वेळा नाकारलं. तिसऱ्या वेळी पलंग खिडकीकडे वळवला, उजेड तोंडावर घेतला, आणि झालं.

तुमच्या गल्लीत, वस्तीवर असे एखादे मेजर किंवा त्यांच्यामागे राहिलेल्या आजी असतील. या नोव्हेंबरात त्यांच्याकडे जा. फोन पूर्ण चार्ज करून न्या. त्यात 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन्ही ॲप आधीच घालून ठेवा. पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर, आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी घ्या. खात्याचं नाव विचारलं की संरक्षण आणि स्पर्श निवडा. दुपारी नको, सकाळी जा, अंघोळ झाल्यावर. आणि गेलाच आहात तर चादरीचं एक टोक धरा, कूस बदलायची वेळ झालेलीच असेल.